मान आणि मनगट

माझं लग्न झालं तेव्हा कापूस हे आमच्या घरात इतर पिकांसारखंच एक पीक होतं. आमचं गाव चांदूर बाजाराहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. जमीन काळी, पावसात पायातला जोडा ओढून घेणारी. घरात सासू, माझा नवरा, धाकटा दीर आणि मी, एवढीच माणसं. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. माझं माहेर अकोल्याच्या बाजूला. वाटेत मुक्काम करत बैलगाडीनं जावं लागे, म्हणून माहेरपण वर्षातून एकदा झालं तर झालं.

आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मीही तेच म्हणत असे, म्हणून इथेही तसंच लिहिते. मालक अंगानं आडवे, चालीनं संथ. बोलणं थोडं. हसले तर खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. मला ते आवडत होते का, असा विचार तेव्हा कुणी करत नसे. त्यांनी मला कधी मारलं नाही आणि ते कधी चिडून ताटावरून उठले नाहीत.

मग सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई लागली आणि तिथून विलायतेला जाणारा कापूस थांबला, असं लोक सांगू लागले. लढाई आम्हाला दिसली नाही, दलाल दिसले. पूर्वी आम्ही कापूस घेऊन त्यांच्या दारी उभे राहायचो, आता ते आमच्या शेताच्या धुऱ्यावर येऊन उभे राहू लागले. बोंड फुटायच्या आधी सौदा व्हायचा. ज्वारीचं रान कमी झालं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, थेट गावाच्या भिंतीला येऊन टेकली. दिरानं घोडी घेतली, मखमलीची टोपी शिवून घेतली. सासूनं गळ्यात सोन्याची जाड सरी केली. ज्याला त्याला घाई होती. मालकांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. सासूनं विचारलं तर म्हणाले, "मले काय पायजे माय? जेवतो, झोपतो."

ते पहिल्यांदा पडले ते वेचणीच्या दिवसांत.

आम्ही बायका ओटीला फडकं बांधून कापूस वेचत होतो. मालक गाडीजवळ उभे होते. काही उचलत नव्हते, कुणाशी भांडत नव्हते, नुसते उभे होते. मी सहज तिकडे पाहिलं तर त्यांच्या तोंडाचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता. मग ते वेचलेल्या कापसाच्या ढिगावर आडवे झाले. पडल्याचा आवाजही आला नाही, कापूसच होता खाली.

माझी चुलतसासू रानात सगळ्यांत वडील. ती धावली, त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, छातीला कान लावला. "गेला वो माय!" म्हणून तिनं जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि गाडीच्या चाकावर आपटले. बांगड्या फुटल्या. तिनंच तिच्या पदरानं माझं कुंकू पुसलं. हे इतकं भराभर झालं की मी रडायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

तेवढ्यात मालकांचे हातपाय ताठ झाले, झटके आले. छाती एकदम वर आली, घशातून घोरल्यासारखा आवाज निघाला, आणि राखेसारखं तोंड लालबुंद झालं, मिरचीसारखं. डोळे उघडले. भोवती गोळा झालेल्या बायकांकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कोन मेलं?"

माझ्या मनगटातून काचेनं रक्त येत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"बांगड्या काऊन फोडल्या तुह्या?"

चुलतसासू कापसातच मटकन खाली बसली.

त्या दिवशी घरी मोठं भांडण झालं. सासू चुलतसासूला म्हणाली, "माह्या लेकाच्या मरनाची तुले एवढी घाई?" ती बिचारी पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "छाती बंद होती वो बाई, कानानं आयकलं मी." तिचं खोटं नव्हतं. पुढे मी स्वतः तिथे कान लावला तेव्हा मला ते कळलं. सासूनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि कासारणीला बोलावून घेतलं. एकदा रिकामे झालेले हात पुन्हा भरावेत की नाही म्हणून कासारीण अडखळली. सासू म्हणाली, "हाताचा धनी जित्ता हाये. भर तू."

मालक ओसरीवर बसून हे पाहत होते. अंगात जरा अशक्तपणा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ते अमरावतीच्या गाड्यांबरोबर गेलेसुद्धा.

दिवाळीनंतर ते पुन्हा पडले. मग अंतर कमी होत गेलं. आधी तोंड राखेसारखं, मग पडणं, मग कुणी कितीही शोधली तरी मनगटात नाडी नाही. कधी झटके, कधी नाही. आणि मग एकदम लाल तोंड आणि उघडलेले डोळे. मधला वेळ फार थोडा असायचा, पण त्या वेळात ते मेलेलेच असायचे. ते मला कोणत्या शब्दात सांगावं ते समजत नाही. माणूस बेशुद्ध असतो तेव्हा तो कुठे तरी आत असतो. मालक आत नसायचे.

भगत झाला. त्यानं उतारा टाकला, लिंबं कापली, पऱ्हाटीच्या रानातलं काही तरी लागलंय म्हणाला. परतवाड्याहून वैद्य आणला. तो कितीतरी वेळ नाडी धरून बसला आणि म्हणाला, "एक ठोका देते, मंग वाट पाहाले लावते." त्यानं चूर्ण दिलं. त्यानं अपाय झाला नाही आणि गुणही आला नाही.

दुसऱ्या वेळी मी किंचाळले होते. तिसऱ्या वेळी त्यांच्या अंगावर पडून रडले. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा मी भाकरी थापत होते, अंगणात मालक पडल्याचा आवाज आला, आणि मी तव्यावरची भाकर उलटली, मग उठले. ते मला खटकलंही नाही. सासूनं पाहिलं. तीही आता ओरडत नसे. जपमाळ घेऊन त्यांच्या उशाशी बसायची. मी शेजारी बसून मनगट धरायची. आम्ही दोघी पाहुण्याची वाट पाहत बसल्यासारख्या.

पण गावाला तसं नव्हतं. बांगड्या फुटल्यावर नवरा परत आला, ही गोष्ट गाड्यांबरोबर गावोगाव गेली. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळून झाल्यावर माझ्याकडे येऊ लागल्या. माझी ओटी भरू लागल्या, पाया पडू लागल्या. माझ्या आईच्या वयाच्या बायका. सासूला ते आवडलं. ती मला नवं लुगडं नेसवून ओसरीवर बसवायची. "सावित्रीनं एकडाव आनला, माह्या सुनेनं किती डाव आनला," असं सांगायची. मी बसायची. कुणी पायाला हात लावला की मी त्या हाताकडे पाहायची. आत काही हलत नसे. आनंद नाही, लाज नाही, भीतीसुद्धा नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला की आपलाच पाय लाकडासारखा लागतो ना, तसं मला सगळं अंगभर झालं होतं.

त्याच पावसाळ्यात खालच्या आळीतल्या एका घरात पटकी शिरली. तिथली सून माझ्याच वयाची. आम्ही बरोबर वेचणीला जायचो, तिचं आणि माझं फडकं एकाच थानाचं होतं. तिच्या नवऱ्याला पहाटे जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. ती आमच्या दारात आली, उंबऱ्यावरच बसली आणि माझे पाय धरले.

"एकडाव चाल माह्या घरी. हात लाव त्यायले."

मी म्हटलं, "मले काही येत नाई गं. मी काहीच करत नाई."

सासू आतून म्हणाली, "जा. बसून तं राह्य."

मी गेले. तो माणूस जमिनीवर पडला होता, हातापायांची कातडी सुरकुतली होती. मी त्याचा पाय धरून बसले. ती समोर बसली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. दिवेलागणीच्या आधी तो गेला. त्याचा पाय गार होत गेला ते मला हाताला कळलं.

ती रडली नाही लगेच. मला म्हणाली, "तुह्या घरी परत येते. माह्या घरी काऊन नाई?"

मी घरी आले, आंघोळ केली, स्वयंपाक केला, जेवले. पोटभर जेवले. मालकांनी मला जेवताना पाहिलं. मी त्यांना काय घडलं ते सांगितलं, जसं घडलं तसं, एखाद्यानं दुसऱ्या गावची बातमी सांगावी तसं. ते म्हणाले, "अमरावतीले सरकारी दवाखाना हाये. जाऊन पाऊ. मले बरं होयाचं म्हनून नाई. हे काय हाये ते तं समजन."

दिरानं नाक मुरडलं, सासू घाबरली, पण ते निघाले. वाटेत पडले तर धरायला कुणी हवं म्हणून मी बरोबर. रस्त्यात रेल्वेच्या कामावर जाणारी माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन चाललेली, कापसाचे गाडे एकामागे एक, चिखलात रुतलेले, बैलांना शिव्या. कुणाला कुणाकडे पाहायला वेळ नव्हता. मला ते बरं वाटलं. तिथे कुणी माझ्या पाया पडलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे, मुंबईला शिकून आलेले. वयानं तरुण, आवाज बारीक, डोक्यावर पगडी. त्यांचं बोलणं आम्हाला पुस्तकासारखं वाटायचं. त्यांनी मालकांना बाकावर झोपवलं, छातीला लाकडी नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग मनगट धरलं. मग नुसतेच मानेकडे पाहत बसले.

"बाई, इकडे या," ते मला म्हणाले. मी पदर पुढे ओढून उभी होते, हलले नाही. मालक म्हणाले, "ये. पाह्य काय म्हनते ते."

"एक बोट यांच्या मनगटावर ठेवा. आणि डोळ्यांनी इथे पाहा, मानेत, ह्या शिरेकडे."

मी बोट ठेवलं. मनगटात एक ठोका आला. मग थांबला. तेवढ्या वेळात मानेतली शीर बारीक बारीक थरथरत होती, भराभर, चिमणीच्या गळ्यासारखी. मग मनगटात दुसरा ठोका. मानेतली थरथर मी आधीही पाहिली होती, कित्येकदा. शेजारी झोपलेल्या माणसाची मान दिसतेच. पण दोन्हींची चाल वेगळी आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मानेत दिसतो तो हृदयाचा वरचा भाग," डॉक्टर म्हणाले. "मनगटात लागतो तो खालचा. दोघांनी एकामागोमाग चालायला हवं. यांचे दोघे आपापल्या चालीनं चाललेत."

मालक उठून बसले. "समजलं नाई साहेब."

डॉक्टर मागच्या पडवीत गेले आणि एक मडकं घेऊन आले. त्यात बेडूक होते. त्यांना हा नाद होता. दवाखान्यातला शिपाई तोंड फिरवून बाहेर गेला. डॉक्टरांनी एक बेडूक घेतला, त्याला आधी सुईनं मारलं आणि मग छाती उघडली. मला किळस यायला हवी होती. आली नाही. बेडूक मेलेला होता आणि त्याचं काळीज चालत होतं.

"कुणी चालवलं हे?" मालकांनी विचारलं.

"कुणीच नाही. बाहेर काढून बशीत ठेवलं तरी काही वेळ चालेल. हृदयाला ठोका द्यायला डोकं लागत नाही, त्याचं त्यातच उठतं." त्यांनी काडीच्या टोकानं दाखवलं. "इथे, जिथे शिरा येऊन मिळतात, तिथे पहिली उचल होते. ती मांसातून पसरत जाते, पाण्यात लाट जावी तशी. आधी हा वरचा भाग आवळतो. मग क्षणभर थांबते. मग खालचा भाग आवळतो आणि रक्त अंगभर जातं. नीट पाहा."

आम्ही पाहिलं. वरचा भाग आक्रसला, मग खालचा. वरचा, मग खालचा. खालचा आवळला की तो पांढुरका व्हायचा, सैल पडला की पुन्हा लाल.

"मधात थांबते काऊन?" मालकांनी विचारलं.

"खालची पिशवी भरायला नको का? रिकामी पिशवी पिळून काय उपयोग?"

मग त्यांनी रेशमाचा दोरा घेतला आणि दोन भागांच्या मधोमध गाठ आवळली. वरचा भाग चालत राहिला. खालचा थांबला. तो नुसता लोंबत राहिला. दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस लागला होता. आणि मग खालचा भाग एकदा हलला. आपोआप. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. वरचा आपला भराभर चालूच होता, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"वरची हाक पोचली नाही," डॉक्टर म्हणाले, "म्हणून खालचा आधी थांबला. पण त्याच्यातही स्वतः उठायचा गुण आहे, फक्त त्याची चाल फार मंद. वाट पाहतो, आणि मग स्वतःच्या चालीनं सुरू होतो. तुम्ही पडता तेव्हा हेच होतं. खालचा थांबतो. तेवढ्या वेळात डोक्याला रक्त जात नाही. मग तो सुरू झाला की तोंड लाल होतं आणि तुम्ही जागे होता. हा गुण मांसाचा की त्यात असलेल्या मज्जातंतूंच्या बारीक गाठींचा, यावर विलायतेतले विद्वान अजून भांडताहेत."

पुढे मी वाचायला शिकले, आणि पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकातून कळलं की भांडण मिटलं आणि मांस जिंकलं.

मालक त्या बेडकाकडे पाहत होते. "माह्या मधात दोरा कोनं बांधला, साहेब?"

"तो कुणी बांधत नाही. तिथलं मांस झिजतं, वाळतं. कशानं, ते मला माहीत नाही."

"सोडता येते?"

"नाही. ओझं उचलू नका. एकटे विहिरीवर जाऊ नका. याहून जास्त मला काही करता येत नाही."

"एखांद्या डाव खालचा उठलाच नाई तं?"

डॉक्टरांनी हात पुसले. "तर नाही उठणार," ते म्हणाले. ते खाली पाहत होते. त्यांना ते सांगताना जड गेलं हे मला दिसलं. मी मालकांचं उपरणं उचलून त्यांच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच होतो. पाऊस उघडला होता. बऱ्याच अंतरानंतर मालक म्हणाले, "मंजे तू आनत नाई मले."

"नाई."

"आन मी नाई आलो तं तुह्यानं नाई."

मी गाडीतलं गवत सारखं केलं.

"तिले सांगजो," ते म्हणाले. तिला म्हणजे खालच्या आळीतल्या तिला. मग त्यांचे खांदे हलू लागले. "मायले नको सांगू पन. मायनं सरी केली, आता सावित्री बी पायजे तिले."

मी तिला सांगायला गेले. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि ती पाखडत बसली होती. मी बेडूक, दोरा, सगळं सांगितलं, जमेल तसं. तिनं सूप थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "मंजे कोनाच्याच हातात नाई." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं हाये," आणि मला बसायला पोतं सरकवलं. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्याबरोबर दाणे निवडले. त्यानंतर मी ओसरीवर बसायचं सोडून दिलं. सासू मला खूप बोलली. मी नुसतं ऐकून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात लढाई संपली म्हणे. अमरावतीहून गाडे भरलेले परत येऊ लागले. कालपर्यंत धुऱ्यावर उभे राहणारे दलाल आता ओळख दाखवेनात. आमच्या ओसरीवर कापसाचा ढीग आढ्याला लागला होता, आणि दीर दिवस दिवस अमरावतीत बसून असायचा, भाव वर येईल म्हणून. मालकांना त्याचं फार काही वाटलं नाही. ते आता थोडंच चालायचे, बोलताना दम लागायचा, पायांवर सूज. दिवसा ते त्या कापसाच्या ढिगाला टेकून बसायचे.

असेच एका दुपारी बसले होते. "पानी दे वो," म्हणाले. मी माठातून तांब्या भरून आणला, तेवढ्यात ते एका अंगाला कलले होते. तांब्या खाली ठेवून मी बसले, मनगट धरलं. काही नव्हतं. मानेकडे पाहिलं. तिथे ती शीर थरथरत होती, बारीक, भराभर. वरचा बोलावत होता. मी मनगटावर बोट ठेवून वाट पाहिली. झटके आले, थांबले. मनगटात काही आलं नाही.

सासू आली, जपमाळ घेऊन बसली. मग माझं तोंड पाहून तिनं माळ खाली ठेवली. शेजारच्या बायका जमल्या. कुणी रडायला सुरुवात केली नाही. चुलतसासू दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, जशी ती खालच्या आळीतली पाहत होती तशी.

"हाक मार त्याले," सासू म्हणाली. "आतापावतर आला. हाक मार."

मला माहीत होतं की उपयोग नाही. मी म्हटलं, "आवो. आवो, उठा."

"नाव घेऊन मार!"

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. मी घेतलं. मोठ्यानं घेतलं, सगळ्यांसमोर, तीन-चार वेळा. ते सासूसाठी होतं. आणि हाका मारताना माझे डोळे त्या शिरेवर होते. ती थरथर विरळ होत गेली. मध्येच थांबायची, पुन्हा जरा हलायची. मग नुसती कातडी राहिली.

"सरलं," मी म्हटलं.

सासूनं माझ्याकडे पाहिलं. ती मला मारील असं मला वाटलं. ती पुढे आली आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचं वजन किती कमी होतं ते मला तेव्हा कळलं. ती रडत होती, हुंदक्यांनी तिचं अंग हलत होतं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझा हात आपोआप फिरत होता.

मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक बोलले. कुणी म्हणालं दगड आहे, कुणी म्हणालं धक्का बसलाय. धक्का नव्हता. माझं रडणं आधीच थोडं थोडं करून झालं होतं, आणि खरं मरण आलं तेव्हा शिल्लक काही नव्हतं.

खालच्या आळीतली ती रोज दुपारी येऊन बसायची. माझ्याबरोबर दाणे निवडायची. सासूला तिचं येणं आवडू लागलं, मला वाटतं.

वडील मला न्यायला आले. सासूनं मला अडवलं नाही, दिरानंही नाही. निघताना सासू म्हणाली, "तू काय केलं नाई, मले ठाऊक हाये." एवढंच. पुढे ती होती तोवर दर वर्षी कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ज्वारीचा हुरडा पाठवायची.

अकोल्याला मी दोन वर्षं माहेरी होते. मोर्णा नदीवर धुणी धुतली, भावाची पोरं सांभाळली. रेल्वे सुरू झाली ती मी तिथेच पाहिली. पोरं ओरडली, मी त्यांचे हात धरून उभी राहिले. मग वडिलांनी माझा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. आमच्यात त्याची चाल होती. तो माणूस विधुर, जवळच्या गावच्या शाळेत मास्तर, आमच्याच जातीचा पण शिकलेला. वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. नाही म्हणायला जोर लागतो, तो माझ्यात नव्हता.

मास्तर बडबडे होते. घरात शिरले की बोलायला सुरुवात, ताटावर, अंथरुणावर, विहिरीवर. त्यांना उत्तराची गरज नसायची, त्यामुळे आमचं जमलं. त्यांनी मला अक्षरं शिकवली, कारण संध्याकाळी शिकवायला दुसरं कुणी नसायचं. मी चुकले की ते हसायचे, मोठ्यानं, आवाज करून. सुरुवातीला मला त्या आवाजानं दचकायला व्हायचं. एक दिवस लक्षात आलं की मी दचकते आहे. म्हणजे काही तरी लागतं आहे.

ते बधिरपण कधी गेलं, ते सांगता येत नाही. एका दिवसात गेलं नाही. मुलगी झाली तेव्हा ते होतंच. सुईणीनं तिला माझ्या अंगावर ठेवलं, मी तिच्याकडे पाहिलं आणि मला फक्त वाटलं, हिला थंडी वाजत असेल. पण ती तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी गाडीखाली येता येता वाचली आणि मी तिला अशी बदडली की मास्तरांना मध्ये पडावं लागलं. मग मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. मारून मारून माझे तळवे झोंबत होते. बाहेर पोरगी रडत होती, मास्तर तिला काही तरी सांगून हसवायला बघत होते. मी तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले. तिला घेतलं. तिनं माझ्याकडे पाठ केली, मग थोड्या वेळानं वळली.